क्लाउड की हार्ड डिस्क: डेटा जपण्याची घडी बसवताना

क्लाउडवरचा डेटा जास्त भरवशाचा की घरच्या हार्ड डिस्कवरचा, असं नवखी माणसं हमखास विचारतात. याचं एका शब्दात उत्तर देणाऱ्याला बहुधा डिस्क तरी विकायची असते, नाहीतर क्लाउडची वर्गणी. डेटा दोन्हीकडून जातो, फक्त जाण्याच्या वाटा वेगळ्या. घरची डिस्क हातातून पडते, जळते, चोरीला जाते, झिजते. क्लाउडमधल्या डिस्कही रोज मरतात, पण त्याचा तुम्हाला पत्ता लागत नाही, कारण कंपनीने तीच फाइल आणखी कुठेतरी ठेवलेली असते. क्लाउडमध्ये माणूस फसतो तो खातं बंद पडल्यामुळे, पासवर्ड हरवल्यामुळे, किंवा एका यंत्रावर चुकून झालेलं डिलीट बाकीच्या सगळ्या यंत्रांवर इमानेइतबारे पोहोचल्यामुळे.

पुढच्या सगळ्या पायऱ्या एकाच हिशेबाने मांडल्या आहेत: प्रती अशा ठेवायच्या की एकच अपघात सगळ्यांना गाठू शकणार नाही.

आकडे काय सांगतात, काय लपवतात

अ‍ॅमेझॉनची एस-३ ही साठवण सेवा ९९.९९९९९९९९९ टक्के टिकाऊपणाचा दावा करते. कंपनीच्याच भाषेत, एक कोटी फाइल ठेवल्या तर सरासरी दहा हजार वर्षांत एखादी हरवेल. पण हा हिशेब यंत्रं बिघडण्याचा आहे. तुम्ही स्वतः पुसलेली फाइल, कुणी चोरलेलं खातं, थकलेलं बिल यातलं काहीच त्यात येत नाही. २०१४ मध्ये कोड स्पेसेस नावाच्या कंपनीच्या अ‍ॅमेझॉन क्लाउडच्या नियंत्रण पॅनेलमध्ये एक हल्लेखोर घुसला आणि त्याने डेटा व बॅकअप दोन्ही पुसले. दोन्ही एकाच खात्यात होते. कंपनीला गाशा गुंडाळावा लागला.

टिकाऊपणा वेगळा आणि उपलब्धता वेगळी, हेही इथेच समजून घ्या. ९९.९ टक्के उपलब्धता म्हणजे वर्षाकाठी सुमारे पावणेनऊ तास सेवा बंद; ९९.९९ टक्के म्हणजे साधारण ५२ मिनिटं. २८ फेब्रुवारी २०१७ रोजी एस-३चा अमेरिकेतल्या उत्तर व्हर्जिनियाचा विभाग काही तास ठप्प झाला, कारण दुरुस्ती करताना दिलेल्या आज्ञेत एक चुकीचा तपशील गेला. डेटा शाबूत होता, पण त्या वेळात तो मागणाऱ्याच्या हाती काही लागत नव्हतं. उद्या सकाळी सादरीकरण असेल तर "शाबूत आहे" हे ऐकून तुमचं काम होत नाही.

मोठ्या कंपन्यांच्या हातूनही डेटा जातो, हे मान्य करून पुढे जावं. १० मार्च २०२१ रोजी फ्रान्समधल्या स्ट्रासबुर्ग इथे ओव्हीएच कंपनीच्या डेटा सेंटरची एक इमारत आगीत खाक झाली. ज्यांनी बॅकअपही त्याच आवारात ठेवले होते, त्यांतल्या अनेकांचं दोन्ही गेलं. २०१९ मध्ये मायस्पेस या समाजमाध्यमाने कबूल केलं की सर्व्हर हलवताना २००३ ते २०१५ या काळात लोकांनी चढवलेलं संगीत नाहीसं झालं. मे २०२४ मध्ये युनिसुपर या ऑस्ट्रेलियन निवृत्तिवेतन निधीचं गुगल क्लाउडवरचं एक अख्खं खासगी क्लाउड मांडणीतल्या चुकीमुळे पुसलं गेलं. तो निधी उभा राहिला, कारण त्याच्या प्रती दुसऱ्या कंपनीकडेही होत्या.

घरच्या बाजूचा आकडा पाहायचा तर बॅकब्लेझ ही साठवण कंपनी तिच्याकडच्या लाखो डिस्कांची आकडेवारी दर तिमाहीला छापते. बहुतेक वर्षी निकामी होण्याचं प्रमाण शंभरात एक ते दोन असं राहतं. दीड टक्का धरला तर एक डिस्क पाच वर्षांत बंद पडण्याची शक्यता सुमारे सात टक्के. त्यातही त्या डिस्क थंड खोलीत, रॅकमध्ये, न हलता चालतात. तुमची बॅगेतून फिरते आणि टेबलाच्या कडेवर लटकत चालू असते. तिच्याकडून तेवढीच अपेक्षा धरू नका.

पायरी १: आधी मोजदाद करा

काहीही विकत घेण्यापूर्वी तासभर बसून डेटाचे तीन ढीग करा. पहिला, पुन्हा कधीच मिळणार नाही असा: स्वतः काढलेले फोटो, लिखाण, हिशेब, स्कॅन केलेली कागदपत्रं. दुसरा, खटपट केली तर परत जमवता येईल असा. तिसरा, कुठूनही पुन्हा उतरवून घेता येणारा: प्रोग्राम, चित्रपट, इन्स्टॉलर. बहुतेकांच्या बाबतीत पहिला ढीग वाटतो त्यापेक्षा बराच लहान निघतो, आणि सगळी मेहनत त्याच्यासाठीच करायची असते. तिसऱ्या ढिगाचा बॅकअप घेत बसणं म्हणजे जागेची नासाडी.

डेटा कुठे कुठे लपलेला असतो तेही पाहा. फोनची गॅलरी सगळ्यांना आठवते. चॅट अ‍ॅपमधले फोटो, ब्राउझरमधले बुकमार्क, पासवर्ड मॅनेजर आणि दुहेरी पडताळणीचं (पासवर्डनंतर मागितला जाणारा कोड देणारं) अ‍ॅप आठवत नाही. डाउनलोड्स फोल्डरमध्ये तर लोकांचं अर्धं आयुष्य पडलेलं असतं.

आता एक गोष्ट जवळून पाहा, कारण नवख्यांचा सर्वात मोठा गैरसमज इथेच असतो. विंडोजमध्ये वनड्राइव्हचा फोल्डर उघडा. फाइलच्या शेजारी निळ्या रेषेतला ढग दिसत असेल, तर ती फाइल तुमच्या संगणकावर नाही, फक्त तिची पाटी आहे. तिच्यावर राइट क्लिक करून प्रॉपर्टीज उघडा: "साइज" समोर समजा ३ एमबी दिसेल, आणि "साइज ऑन डिस्क" समोर शून्य बाइट. हिरव्या कडेची बरोबरची खूण म्हणजे फाइल सध्या उतरलेली आहे, पण जागा कमी पडली की ती पुन्हा नुसती पाटी होऊ शकते. भरीव हिरव्या वर्तुळातली खूण असेल तरच ती कायमची तुमच्याकडे आहे. आयक्लाउडमधल्या "ऑप्टिमाइझ स्टोरेज"चंही तेच: यंत्रावर छोटी आवृत्ती, मूळ फोटो क्लाउडमध्ये. गुगल डॉक्सची तर आणखीच गंमत. ड्राइव्हच्या फोल्डरमध्ये जी फाइल दिसते ती निव्वळ दुवा असते; तो दुवा डिस्कवर कॉपी केला म्हणून दस्तऐवज काही तुमच्याकडे येत नाही. त्यासाठी तो वर्ड किंवा पीडीएफ स्वरूपात उतरवून घ्यावा लागतो, नाहीतर गुगल टेकआउट या आपला डेटा परत घेण्याच्या सोयीतून सगळं एकदम मागवावं लागतं.

म्हणजे "क्लाउडमध्ये आहे आणि लॅपटॉपवरही आहे" असं समजून निवांत असलेल्या माणसाकडे प्रत्यक्षात एकच प्रत असू शकते.

पायरी २: डिस्क निवडणं आणि तपासणं

दोन डिस्क लागतील. पहिल्या दोन ढिगांची बेरीज करा आणि त्याच्या निदान दुप्पट क्षमतेच्या घ्या. १ टीबी लिहिलेली डिस्क विंडोजमध्ये ९३१ जीबी दाखवते. फसवणूक नाही, मोजण्याची पद्धत वेगळी आहे. जमल्यास दोन्ही वेगवेगळ्या कंपन्यांच्या किंवा निदान वेगवेगळ्या वेळी घेतलेल्या असाव्यात, म्हणजे एखाद्या खेपेतला दोष दोघींत येणार नाही.

फिरती हार्ड डिस्क की एसएसडी, म्हणजे फिरता भाग नसलेली, चिपवर साठवणारी डिस्क? रोज बॅगेतून नेणार असाल तर एसएसडी, कारण आपटण्याने तिचं फारसं बिघडत नाही. वर्षानुवर्षं कपाटात ठेवायची असेल तर साधी हार्ड डिस्कच बरी. एसएसडीमध्ये माहिती विद्युतभाराच्या रूपात राहते आणि वीज न मिळता तो हळूहळू गळतो. जेडेक संस्थेच्या मानकानुसार, लिहिण्याची मर्यादा पूर्ण संपलेल्या ग्राहकोपयोगी एसएसडीने ३० अंश सेल्सिअसला वीज नसताना एक वर्ष डेटा धरून ठेवावा अशी अट आहे. नवी एसएसडी त्याहून खूप जास्त टिकते, तरी तिला विसरून जाण्यासारखी ती वस्तू नव्हे. पेनड्राइव्ह आणि मेमरी कार्ड डेटा इकडून तिकडे न्यायला आहेत, साठवायला नाहीत.

डिस्क आणली की लगेच डेटा भरू नका. बाजारात खोट्या क्षमतेची पेनड्राइव्ह आणि डिस्क येतात. त्या संगणकाला १ टीबी सांगतात, आत मात्र ६४ जीबी असते, आणि त्यापुढे लिहिलेलं सगळं जुन्यावर चढत जातं. एच२टेस्टडब्ल्यू किंवा एफ३ ही साधनं डिस्क काठोकाठ भरून परत वाचून पाहतात. १ टीबीला सेकंदाला १०० एमबी या वेगाने लिहायला पावणेतीन तास आणि वाचायला तेवढेच लागतात. रात्री लावून द्या.

मग डिस्कची स्मार्ट नोंद पाहा, म्हणजे डिस्क स्वतःच्या तब्येतीची ठेवते ती नोंद. विंडोजवर क्रिस्टलडिस्कइन्फो, इतरत्र स्मार्टमॉनटूल्स. नोंदी डझनभर असतात, पण लक्ष चारच क्रमांकांवर ठेवायचं. ५ क्रमांक म्हणजे खराब निघाल्यामुळे बदललेले सेक्टर (डिस्कवरचे साठवणीचे छोटे कप्पे). १९७ म्हणजे वाचता न आल्यामुळे निकालाची वाट पाहणारे सेक्टर, आणि १९८ म्हणजे तपासणीत दुरुस्त न झालेले. या तिन्हींचा मूळ आकडा (रॉ व्हॅल्यू) शून्य हवा. नव्या डिस्कवर शून्य नसेल तर परत करा. जुनीवर वाढत असेल तर त्याच दिवशी डेटा हलवा. १९९ क्रमांक वाढत असेल तर बहुधा दोष डिस्कचा नसून केबलचा असतो. केबल बदला आणि आकडा तिथेच थांबतो का पाहा. डिस्क ज्यात बसवलेली असते ती काही यूएसबी खोकी ही नोंद पुढे पाठवतच नाहीत, तेव्हा काहीच न दिसणं म्हणजे डिस्क ठणठणीत, असं समजू नका. आणि स्मार्टची नोंद स्वच्छ असतानाही डिस्क अचानक जाऊ शकते.

एक शंका नेहमी येते: नवी डिस्क सुरुवातीला झरझर लिहिते आणि अर्ध्या तासाने रांगायला लागते. बऱ्याच छोट्या पोर्टेबल डिस्क एसएमआर पद्धतीच्या असतात, म्हणजे त्यांच्यात माहितीचे पट्टे कौलांसारखे एकावर एक चढलेले असतात आणि एक बदलायचा तर शेजारचेही पुन्हा लिहावे लागतात. बॅकअपसाठी हा दोष नाही, फक्त धीर धरावा लागतो. मध्येच वैतागून केबल ओढली की मात्र खरा बिघाड होतो.

फॉरमॅट करताना: फक्त विंडोज असेल तर एनटीएफएस, फक्त मॅक असेल तर एपीएफएस, दोन्हीकडे लावायची असेल तर एक्सफॅट. एक्सफॅटमध्ये जर्नल, म्हणजे चालू बदलांची नोंदवही, नसतं, त्यामुळे "इजेक्ट" न करता काढली तर फोल्डरची रचना बिघडण्याचा धोका जास्त. फॅट३२ वापरू नका. त्यात ४ जीबीहून मोठी फाइल बसत नाही आणि व्हिडिओ तिथेच अडतात. डिस्क घराबाहेर ठेवणार असाल तर विंडोजचं बिटलॉकर, मॅकचं कूटबद्ध एपीएफएस किंवा व्हेराक्रिप्ट वापरून कुलूपबंद करा. बिटलॉकरची सुटकेची किल्ली ४८ अंकी असते. ती त्याच डिस्कवर किंवा त्याच लॅपटॉपवर साठवणारे लोक आहेत. तुम्ही ती कागदावर लिहा.

पायरी ३: पहिली प्रत

माउसने ओढून फोल्डर टाकण्याची पद्धत इथे सोडून द्या. वीस हजार फाइलींमध्ये एक अडली की कॉपी थांबते आणि काय गेलं, काय राहिलं ते कळत नाही. फ्रीफाइलसिंकसारखं साधन दोन्ही बाजू शेजारी मांडून फरक दाखवतं. पहिल्यांदा वापरताना डावीकडे मूळ, उजवीकडे डिस्क, आणि पद्धत "अपडेट" निवडा. "मिरर" ही पद्धत उजवी बाजू हुबेहूब डावीसारखी करते, म्हणजे डावीकडे नसलेलं उजवीकडून पुसते. बाजू उलट झाल्या तर रिकामी डिस्क तुमच्या मूळ फोल्डरवर "मिरर" होते. चालवण्याआधी साधन किती फाइली पुसणार आहे तो आकडा दाखवतं. तो अपेक्षेपेक्षा मोठा दिसला तर हात थांबवा. पुसलेल्या फाइली कायमच्या न घालवता वेगळ्या फोल्डरमध्ये हलवण्याची सोय असते, ती चालू करून ठेवा.

थोडं पुढे जायचं असेल तर आवृत्त्या राखणारा बॅकअप घ्या: मॅकवर टाइम मशीन, विंडोजवर फाइल हिस्टरी, कुठेही चालणारं रेस्टिक. बिघडलेली फाइल चांगल्या फाइलीवर चढली तरी मागच्या तारखेची मिळते, हा त्यांचा खरा फायदा.

कॉपी झाली की तपासणी. फ्रीफाइलसिंकमध्ये तुलना "फाइल कंटेंट" वर लावून पुन्हा चालवा. ते दोन्हीकडची प्रत्येक फाइल पूर्ण वाचून पडताळतं. तारीख आणि आकार जुळणं पुरेसं नाही, आतून बिघडलेल्या फाइलीचाही आकार तोच असतो.

मग डिस्क काढून ठेवा. कायम जोडलेली डिस्क रॅन्समवेअरच्या (फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणाऱ्या प्रोग्रामच्या) दृष्टीने तुमच्या संगणकाचाच भाग असते, आणि विजेचा झटका दोघांना एकदम लागतो. दोनपैकी एक डिस्क दुसऱ्या इमारतीत ठेवायची आणि महिन्याने अदलाबदल करायची. ओव्हीएचच्या ग्राहकांना नेमकं एवढं न केलेलंच नडलं.

रेडचं खोकं, म्हणजे तोच डेटा एकाच वेळी दोन डिस्कांवर लिहिणारी जोडणी, घ्यावं का, असा प्रश्न पुढे येईलच. एक डिस्क मेली तरी काम सुरू राहावं यासाठी रेड असतं. चुकून पुसलेली फाइल ते दोन्ही डिस्कांवरून त्याच क्षणी पुसतं. सुरुवातीला गरज नाही.

पायरी ४: क्लाउडची प्रत

इथे सिंक आणि बॅकअप यांतला फरक पक्का करा. सिंक म्हणजे सगळीकडे सारखं ठेवणं. तुमच्या लॅपटॉपवर रॅन्समवेअरने फाइली कुलूपबंद केल्या, तर सिंक त्या कुलूपबंद फाइली वर चढवतं. मदतीला येते ती कचरापेटी आणि जुन्या आवृत्त्या, पण त्यांना मुदत असते. गुगल ड्राइव्हच्या कचरापेटीत फाइल ३० दिवस राहते. व्यक्तिगत वनड्राइव्हमध्येही ३० दिवस, ड्रॉपबॉक्सच्या साध्या योजनांमध्येही तेवढेच. फोल्डर गेल्याचं सव्वा महिन्याने लक्षात आलं तर क्लाउड कितीही टिकाऊ असला तरी हात रिकामे. डिस्कवरची मागच्या महिन्याची प्रत उपयोगी पडते ती इथेच.

चढवायला किती वेळ लागेल याचं गणित सोपं आहे: जीबीला २.२ ने गुणा आणि अपलोडच्या एमबीपीएस वेगाने भागा, उत्तर तासांत. २०० जीबी आणि २० एमबीपीएस असेल तर २२ तास. १ टीबी असेल तर साडेचार दिवसांहून जास्त. वेग मोजताना अपलोडचा मोजा. अनेक जोडण्यांमध्ये तो डाउनलोडच्या निम्माही नसतो. अ‍ॅपमध्ये अपलोडची मर्यादा वेगाच्या सत्तर-ऐंशी टक्क्यांवर लावा, नाहीतर घरातल्या इतरांचं इंटरनेट मंदावेल आणि कुणीतरी वैतागून सिंक बंद करेल, जे तुम्हाला महिन्याभराने कळेल. हजारो बारक्या फाइली एका मोठ्या फाइलीपेक्षा फार हळू चढतात. बदल न होणारे जुने फोल्डर वर्षवार झिप करून चढवावेत, पण एक झिप २ ते ४ जीबीच्या पुढे नेऊ नका; अपलोड अडलं किंवा झिप बिघडली तर नुकसान तेवढ्यापुरतं राहतं.

पहिला ढीग आधी चढवा. फोटोंसाठी गुगल फोटोज वापरत असाल तर सेटिंगमध्ये "ओरिजिनल क्वालिटी" आहे ना ते पाहा. "स्टोरेज सेव्हर"मध्ये १६ मेगापिक्सेलहून मोठे फोटो लहान केले जातात आणि व्हिडिओ १०८०पीवर आणले जातात. मूळ फोटो फोनवरून पुसल्यावर हे कळून उपयोग नसतो. फोटो फोनवरून पुसण्याआधी आणखी एक खात्री करा: ते पुसणं क्लाउडवरही लागू होतं का? आयक्लाउड फोटोजमध्ये होतं. "फोनवर जागा करायची" म्हणून पुसलेला फोटो तिथे सगळीकडून जातो.

फुकट जागेचे नियम वाचा. गुगलची १५ जीबी जागा जीमेल, ड्राइव्ह आणि फोटोज यांच्यात मिळून असते. ती भरली की नवे ईमेल येणंही बंद होतं. दोन वर्षं न वापरलेलं व्यक्तिगत गुगल खातं कंपनी डेटासकट काढून टाकू शकते, आणि डिसेंबर २०२३ पासून ही कारवाई सुरू झालेली आहे. "जुने फोटो त्या दुसऱ्या खात्यात आहेत" म्हणणाऱ्यांनी आजच तिथे लॉगइन करावं.

खासगी कागदपत्रं उघडी चढवायची नसतील तर क्रिप्टोमेटर किंवा आरक्लोनची कूटबद्ध करण्याची (फाइल पासवर्डशिवाय वाचता येऊ नये अशी) सोय वापरा. क्रिप्टोमेटर प्रत्येक फाइल वेगळी कुलूपबंद करतं, त्यामुळे एक ओळ बदलली तर तेवढीच फाइल पुन्हा चढते. सगळ्या फाइली एकात कोंबणारा व्हेराक्रिप्टचा मोठा डबा क्लाउडवर ठेवला तर अनेक सेवांवर ही सोय राहत नाही. पासवर्ड विसरलात तर दाद मागायला कुणी नाही, हे आधी ठरवून घ्या.

पायरी ५: खातं सांभाळणं

क्लाउडच्या बाबतीत सगळ्यात जास्त काळजी इथे घ्यावी आणि सगळ्यात कमी घेतली जाते. दुहेरी पडताळणी चालू करा, पण तिचं अ‍ॅप ज्या फोनवर आहे तोच हरवला तर काय, याचं उत्तर त्याच बैठकीत तयार ठेवा. गुगल आठ अंकी १० राखीव कोड देतं. प्रत्येक कोड एकदाच चालतो. ते छापून डिस्कबरोबर नव्हे, महत्त्वाच्या कागदपत्रांबरोबर ठेवा. त्यांचा स्क्रीनशॉट त्याच फोनमध्ये ठेवणं हा विनोद आहे. खात्याला जोडलेला पर्यायी फोन नंबर पाहा. तीन वर्षांपूर्वी सोडलेला असेल तर आता तो दुसऱ्या कुणाच्या हातात असू शकतो.

वर्गणीचं कार्ड कधी संपतं ती तारीख कॅलेंडरमध्ये टाका. आणि कार्यालयाच्या किंवा महाविद्यालयाच्या खात्यात स्वतःचे फोटो ठेवू नका. ते खातं तुमचं नाहीच. नोकरी किंवा अभ्यासक्रम संपला की दार बंद होतं, आणि ते उघडायला सांगण्याचा हक्कही तुम्हाला नसतो.

पायरी ६: परत काढून पाहा

३१ जानेवारी २०१७ रोजी गिटलॅब या कंपनीत चुकीच्या सर्व्हरवर पुसण्याची आज्ञा दिली गेली आणि मुख्य डेटाबेस गेला. बॅकअपच्या अनेक पद्धती होत्या, पण ऐन वेळी कळलं की त्या चाललेल्याच नव्हत्या, आणि अपयशाच्या सूचनांचे ईमेलही पोहोचत नव्हते. सुमारे सहा तास आधी कुणीतरी दुसऱ्याच कामासाठी घेतलेली प्रत होती, तीवरून त्यांनी उभारी घेतली. कसलेल्या अभियंत्यांचं असं होतं, तर "रोज हिरवी खूण दिसते" यावर आपण का विसंबावं?

तालीम अशी करा. वेगळ्या संगणकावर, किंवा निदान नव्या रिकाम्या फोल्डरमध्ये, दहा फाइली परत काढा: सर्वात जुनी, सर्वात मोठी, एक व्हिडिओ, एक हिशेबाची वही, एक कुलूपबंद फाइल, खूप खोल फोल्डरातली एक, देवनागरी नावाची एक. प्रत्येक उघडून शेवटपर्यंत पाहा. व्हिडिओ सुरुवातीला चालतो आणि मध्येच थांबतो, हे अर्धवट कॉपीचं लक्षण. अडचणी बहुधा नावांत निघतात. विंडोजवरचे बरेच प्रोग्राम २६० अक्षरांहून लांब मार्ग (फोल्डरांसकट फाइलीचा पूर्ण पत्ता) घेत नाहीत; प्रश्नचिन्ह किंवा तारांकन असलेलं नाव मॅकवर चालतं, विंडोजवर नाही. लिनक्सच्या बहुतेक डिस्कांवर नावाला २५५ बाइटची मर्यादा असते आणि देवनागरीतलं प्रत्येक चिन्ह, काना-मात्रा धरून, ३ बाइट घेतं. म्हणजे ८५ चिन्हांच्या पुढे नाव गेलं की फाइल अडते. कूटबद्ध केल्यावर नावं आणखी लांबतात. नावं आटोपशीर ठेवा.

क्लाउडवरूनही अशीच तालीम घ्या आणि घड्याळ लावा. सगळा डेटा उतरवायला चार दिवस लागणार असतील तर ते आधी माहीत असलेलं बरं. टेकआउटचे दुवे साधारण आठवड्याने संपतात, आणि फोटोंची तारीख व जागा यांची काही माहिती शेजारच्या जेसॉन फाइलींमध्ये येते. त्या कचरा समजून पुसू नका.

वेळापत्रक

आठवड्यातून एकदा जवळची डिस्क लावून प्रत अद्ययावत करा. महिन्यातून एकदा डिस्कांची अदलाबदल आणि स्मार्टचे चार आकडे. सहा महिन्यांनी तालीम. वर्षातून एकदा पूर्ण पडताळणी, राखीव कोड आणि पर्यायी नंबरांची उजळणी. डिस्कवर खरेदीचा महिना-वर्ष चिकटवा आणि पाच वर्षं झाली की तिला दुय्यम कामाला लावा, चालत असली तरी.

घात झालाच तर

डिस्क टकटक आवाज करत असेल तर वीज काढा आणि पुन्हा लावून पाहू नका. प्रत्येक फेरीत आतलं डोकं तबकडी खरवडत असू शकतं. फ्रीजरमध्ये ठेवण्याचा सल्ला मिळेल. आत ओल धरते, तो मानू नका. आवाज नाही पण वाचन अडतंय, अशा वेळी विंडोजची डिस्क दुरुस्ती आधी चालवू नये, ती डिस्कवर लिहिते. आधी डीडीरेस्क्यूसारख्या साधनाने संपूर्ण डिस्कची प्रत दुसरीकडे काढायची आणि पुढचे प्रयोग त्या प्रतीवर. डेटा खरंच अमोल असेल आणि दुसरी प्रत नसेल तर तेही स्वतः न करता डेटा परत काढून देणाऱ्या जाणकारांकडे डिस्क द्या.

हार्ड डिस्कवरून फाइल चुकून पुसली तर तिच्यावर काहीही नवं लिहू नका, वाचवण्याचं साधनसुद्धा दुसऱ्या डिस्कवरून चालवा. एसएसडीवर मात्र आशा कमी: ट्रिम या तिच्या सफाईच्या सोयीमुळे पुसलेली जागा बहुधा लगेच मोकळी करून टाकलेली असते.

रॅन्समवेअरची शंका आली की पहिलं काम इंटरनेट तोडणं आणि दुसरं, बाकीच्या यंत्रांवरचं सिंक थांबवणं. घाबरून बॅकअपची डिस्क त्याच संगणकाला लावू नका. स्वच्छ यंत्रावरून क्लाउडच्या खात्यात जा, पासवर्ड बदला, इतर सगळी यंत्रं लॉगआउट करा, मग जुन्या आवृत्त्या पाहा. वनड्राइव्हच्या मायक्रोसॉफ्ट ३६५ वर्गणीत अख्खा साठा गेल्या ३० दिवसांतल्या एखाद्या क्षणाला परत नेता येतो. ड्रॉपबॉक्समध्ये पैसे भरायच्या योजनांत त्याच कामासाठी "रिवाइंड" आहे. संगणक कोरा करून पुन्हा उभा केल्यावरच डिस्क लावायची, आणि तीही आधी दोनपैकी एकच.